शाखा-शाखांत अपडेट पोचवायला रिले कसा बसवायचा: यवतमाळकडच्या लाईनवर टिकणारी पद्धत

हे लिहून राहिलो ते त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे एखाद्या पतसंस्थेची, शाळा चालवणाऱ्या संस्थेची नाही तर जिनिंग-दालमिलवाल्याची दहा-वीस ठिकाणची मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, सांभाळायचं काम आहे, हेड ऑफिस यवतमाळ-अमरावतीसारख्या गावात आहे आणि बाकी सगळं तालुक्याला, काही तर तालुक्याच्याही आत. मी उदाहरण पतसंस्थेचंच घेतो, कारण तिथे एक तास मशीन अडली तरी काउंटरवर लाईन लागते आणि फोन सुरू होतात, "भाऊ, आज काऊन एवढी हळू चालून राहिली मशीन?"

आधी हिशेब करून घ्या, त्याशिवाय रिले कशाला पाहिजे ते संचालकांनाही पटत नाही. समजा वीस शाखा, प्रत्येकीत पाच मशीन, म्हणजे शंभर मशीन. काउंटरच्या सॉफ्टवेअरचं अपडेट ६०० एमबीचं. शंभरही मशीननी हेड ऑफिसच्या सर्व्हरवरून ओढलं तर ६० जीबी बाहेर जाते, आणि हेड ऑफिसच्या लाईनचा अपलोड २० एमबीपीएस असला तर ती लाईन पूर्णच्या पूर्ण यालाच दिली तरी सहा तास चाळीस मिनिटं लागतात. इकडे शाखेत ४ एमबीपीएस मिळत असेल तर एका मशीनला वीस मिनिटं, पाचही एकदम सुटल्या तर शंभर मिनिटं, आणि त्या शंभर मिनिटांत ना पासबुक भरल्या जाते ना एंट्री होते. रिले म्हणजे शाखेत ठेवलेला एक लहान सर्व्हर, तो अपडेट एकदाच ओढते, हळूहळू, कोणाला त्रास न देता, आणि मग शाखेतल्या मशीन त्याच्याकडून आतल्या आत घेतात, जसा उन्हाळ्यात टँकर गावच्या टाकीत एकदा रिकामा होते आणि मग घरोघरी पाणी जाते. ६० जीबीचे १२ जीबी होतात, आणि शाखेच्या लाईनवर एकच प्रत येते.

एवढं सगळ्यांना माहीत राहते. घोळ पुढे होते, रिले कुठे बसवायचा आणि कोणी कोणाकडून ओढायचं हे ठरवताना. तिथे बहुतेक जण जिल्ह्याचा नकाशा पाहतात, आणि माझं म्हणणं हेच आहे की नकाशा पाहायचाच नाही, तार कशी जाते आणि लाईट कधी राहते हे पाहायचं.

तार कशी जाते ते आधी काढा

नकाशावर पाहून कोणालाही वाटते की पांढरकवड्याला एक मोठा रिले ठेवू, घाटंजी, मारेगाव आणि झरी-जामणी त्याच्याकडून घेतील, पुसदला दुसरा ठेवू, उमरखेड-महागाव-दिग्रस त्याच्यावर. दिसायला एकदम छान. पण पांढरकवड्याची शाखा एका कंपनीच्या फायबरवर, घाटंजीची दुसऱ्याच कंपनीच्या फोर-जी राउटरवर, तर या दोघींमधलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, रस्त्याने घाटंजीला जात नाही, ते नागपूर नाही तर मुंबईपर्यंत जाऊन परत येते. आणि तुम्ही शाखा व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या खाजगी जोडणीने, जोडल्या असतील आणि व्हीपीएनचा हब, म्हणजे सगळ्या जोडण्या एकत्र येतात ती जागा, हेड ऑफिसात असेल तर अजूनच वाईट. पांढरकवड्याचा रिले घाटंजीला जी फाईल देईल ती आधी यवतमाळच्या लाईनवर खाली येईल आणि मग तिथूनच पुन्हा वर जाईल. म्हणजे ज्या लाईनचा बोजा कमी करायचा होता तिच्यावरच दुप्पट टाकला.

म्हणून पहिलं काम, प्रत्येक शाखेतून ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कोणत्या रस्त्याने जाते ते दाखवणारी कमांड, चालवा, एकदा हेड ऑफिसकडे, एकदा शेजारच्या शाखेकडे आणि एकदा मुंबईच्या एखाद्या सर्व्हरकडे. किती हॉप, म्हणजे मधले किती टप्पे, आणि किती मिलिसेकंद, एका वहीत नाही तर एक्सेलमध्ये लिहून ठेवा. मग आयपर्फ या मोजणीच्या साधनाने दोन्ही बाजूचा स्पीड मोजा, फक्त डाउनलोड नाही, अपलोडही. आणि मोजायची वेळ म्हणजे त्या गावच्या बाजाराचा दिवस, सकाळी अकरा-बाराच्या सुमारास. रविवारी दुपारी मोजलेला आकडा कामाचा नाही, कारण बाजाराच्या दिवशी टॉवरवरही गर्दी राहते आणि शाखेतही.

हे मोजल्यावर बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट समोर येते: शाखेपासून शाखेपर्यंतचा रस्ता खराब, हेड ऑफिसचा अपलोड तोकडा, पण मुंबईच्या डेटा सेंटरपर्यंत सगळ्यांचाच रस्ता त्यातल्या त्यात बरा. म्हणून मी जी मांडणी सांगतो ती अशी: हेड ऑफिसमधून फाईल एकदाच मुंबईच्या एका छोट्या व्हीपीएसवर, म्हणजे डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर, चढवायची, २० एमबीपीएसच्या लाईनवर ६०० एमबी चार मिनिटांत जाते. तिथून प्रत्येक शाखेतला रिले स्वतःहून ओढते. रिलेकडून शाखेतली मशीन घेते. तालुक्याचा मोठा रिले, जिल्ह्याचा मोठा रिले असलं मधलं काहीच नाही. वर एक, खाली शाखेगणिक एक, बस.

व्हीपीएनसाठी वायरगार्ड वापरा, हलका आहे आणि जुन्या मशीनवरही चालते. हब त्याच व्हीपीएसवर ठेवा, सहसा ५१८२० हा यूडीपी पोर्ट वापरतात. फोर-जी राउटरला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून गाठता येणारा पत्ता, नसते, कंपनीच्या मोठ्या नॅटच्या, म्हणजे अनेकांना मिळून एकच पत्ता देणाऱ्या व्यवस्थेच्या, मागे तो बसलेला राहते, त्यामुळे बाहेरून शाखेत शिरता येत नाही आणि "हेड ऑफिसमधून ढकलू" ही पद्धत तिथे चालतच नाही. शाखेनेच बाहेर जाऊन ओढायचं. कनेक्शन जिवंत राहावं म्हणून शाखेच्या बाजूला कीपअलाइव्ह २५ सेकंदांवर ठेवा. आणि एक खूण लक्षात ठेवा: पिंग जाते, लहान फाईल येते, पण मोठी फाईल सुरू होऊन मध्येच गोठते, तर लाईनला दोष द्यायच्या आधी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, पाहा. वायरगार्ड सहसा १४२० धरते, काही मोबाईल लाईनवर तेवढं बसत नाही, १२८० करून पाहा.

या पाइपातून फक्त अपडेट जाऊ द्या. सभासदांचा डेटा, बॅकअप, केवायसीचे फोटो असलं काहीही त्या व्हीपीएसवरून फिरवायचं नाही.

कोणत्या शाखेत रिले, आणि डबा कोणता

तीन किंवा जास्त मशीन असतील तिथे रिले. एक-दोन मशीनची शाखा असेल तर तिथे डबा ठेवून उपयोग नाही, त्या मशीननी सरळ व्हीपीएसवरून हळू ओढावं.

डब्यासाठी नवीन सर्व्हर घ्यायची गरज नाही. ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप नाही तर मिनी पीसी, त्यात २५६ जीबीची नवी एसएसडी, आणि वर डेबियन लिनक्स. रास्पबेरी पाय स्वस्त आणि लहान म्हणून मोह होते, पण एसडी कार्डावर चालवू नका, इकडे लाईट ज्या पद्धतीने जाते-येते त्यात कार्ड खराब व्हायला वेळ लागत नाही.

जुना पीसी घेतला तर तीन गोष्टी बसवण्याआधीच करा. एक, बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग, नाही तर लाईट गेली की डबा बंद आणि कोणीतरी बटण दाबेपर्यंत बंदच. दोन, मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, नवा टाका, वीस-पंचवीस-पन्नास रुपयांची गोष्ट आहे. सेल मेला की लाईट गेल्यावर घड्याळ मागच्या कोणत्यातरी साली जाऊन बसते, मग सर्टिफिकेट "अजून सुरूच झालं नाही" म्हणून नाकारल्या जाते, कनेक्शन होत नाही, आणि माणूस दिवसभर राउटर, केबल, पासवर्ड तपासत राहते. रास्पबेरी पाय ४ पर्यंत तर हे घड्याळ मुळातच नव्हतं, पाय ५ मध्ये आहे पण त्याला वेगळी बॅटरी जोडावी लागते. तीन, जागा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाते, आणि टिनाच्या छताखाली वरच्या फळीवर ठेवलेला डबा आतून किती तापत असेल विचार करा. खाली, भिंतीला न चिकटवता, जाळी मोकळी ठेवून ठेवा, आणि कापसाच्या दिवसात जिनिंगजवळच्या शाखेत महिन्यातून एकदा फॅनवरचा कापूस-धूळ साफ करायला सांगा.

आता लाईटचं, हे कोणत्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसते. आपल्याकडे शाखा बंद करताना शिपाई मेन स्विच पाडून जाते. शॉर्टसर्किटची भीती, आणि ती खोटी नाही. म्हणजे "रात्री दोन वाजता सगळं सिंक होईल" हे पुस्तकातलं शेड्यूल इथे कामाचंच नाही, रात्री दोनला डबा मेलेला राहते. दोन मार्ग आहेत. सीसीटीव्ही आणि अलार्मसाठी बहुतेक शाखांत एक वेगळं सर्किट चालू ठेवतात, त्याच्यावरच डबा आणि राउटर दोन्ही घ्या, वायरमनकडून नीट घ्या, अर्थिंग तपासून. फक्त डबा घेतला आणि राउटर मेन स्विचवरच राहिला तर काही फायदा नाही. ते जमत नसेल तर रात्र विसरा आणि दिवसाच ओढा, पण इतकं हळू की कोणाला कळू नये.

रिलेवर काय बसवायचं

मी दोन प्रकार वेगळे ठेवतो. आपलं स्वतःचं सॉफ्टवेअर, म्हणजे काउंटरचं, पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर, अँटीव्हायरसची ऑफलाइन फाईल, हे सगळं आरसिंकने, म्हणजे फाईली एका मशीनवरून दुसरीवर उतरवायच्या साधनाने, आधीच आणून ठेवायचं. आणि बाकी, म्हणजे लागलं तरच लागणारं, ते कॅशने, म्हणजे कोणी पहिल्यांदा मागितलं की आणायचं आणि पुढच्यांसाठी ठेवून द्यायचं.

आरसिंकमध्ये पार्शल हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे ४०० एमबीवर लाईन तुटली तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. बीडब्ल्यूलिमिट, म्हणजे स्पीडची मर्यादा, १२८ ठेवा, हा आकडा किलोबाइट प्रति सेकंदात राहते, म्हणजे साधारण १ एमबीपीएस. ४ एमबीपीएसच्या लाईनवर तेवढं गेलं तरी काउंटरला जाणवत नाही, आणि ६०० एमबी ऐंशी मिनिटांत येऊन पडते. डिले-अपडेट्स हाही लावा, त्याने नव्या फाईली बाजूला जमा होतात आणि सगळ्या आल्यावर शेवटी एकदम जागेवर जातात.

शेड्यूलसाठी क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टायमर घ्या आणि त्यात पर्सिस्टंट चालू करा. ठरलेल्या वेळी डबा बंद होता, तर चालू झाल्याबरोबर राहिलेलं काम तो स्वतः उरकते. साधा क्रॉन हे करत नाही, वेळ गेली की गेली. सोबत रँडम डिले अर्ध्या तासाचा ठेवा, नाही तर सकाळी दहाला वीसही शाखा उघडतात आणि वीसही डबे एकाच मिनिटाला व्हीपीएसवर पडतात.

फाईलींच्या नावांचा नियम कडक ठेवा. एकदा चढवलेली फाईल त्याच नावाने पुन्हा बदलायची नाही, नवं व्हर्जन म्हणजे नवं नाव, नावातच व्हर्जन नंबर. आणि एक यादीची फाईल, तिच्यात कोणतं सॉफ्टवेअर, कोणतं व्हर्जन, फाईलचं नाव आणि तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाईलचा ठसा, फाईल जराही बदलली की तोही बदलते. ही यादी नेहमी सगळ्यात शेवटी पोचली पाहिजे, म्हणून आरसिंक दोनदा चालवा, आधी फाईली, त्या पूर्ण आल्या तरच यादी. यादी आधी आली आणि फाईल मागे राहिली तर मशीनला वाटते अपडेट आलं, मागायला जाते, मिळत नाही, आणि लॉगमध्ये नुसत्या एररी.

शाखेतल्या मशीनना फाईली द्यायला इंजिनएक्स हा वेब सर्व्हर. साध्या फोल्डरमधून फाईल देणं, अर्धवट डाउनलोड पुढे सुरू करणं, हे तो काही न सांगता करते. कॅशसाठीही तोच वापरता येते, पण तिथे एक बारीक जागा आहे. पाच मशीननी एकच फाईल एकदम मागितली तर वर एकच मागणी जावी म्हणून प्रॉक्सी कॅश लॉक नावाची सेटिंग आहे, ती मुळात बंद राहते, चालू करा. आणि चालू केल्यावरही तिची वाट पाहायची वेळ डिफॉल्टने फक्त ५ सेकंद आहे. मोठ्या शहरातल्या लाईनवर ५ सेकंद पुष्कळ झाले, पण आपल्याकडे ६०० एमबीची फाईल ५ सेकंदात काय येणार? ५ सेकंद झाले की उरलेल्या चारही मशीनच्या मागण्या सरळ वर जातात, आणि तुम्ही म्हणता रिले बसवूनही लाईन का भरून राहिली. लॉकचा टाइमआउट आणि त्याच्यासोबतची लॉक एज, दोन्ही एक-दीड तासापर्यंत वाढवा.

नावाचं सांगून टाकतो, कारण पुढे खूप वेळ वाचते. प्रत्येक शाखेच्या राउटरमध्ये, नाही तर रिलेवरच डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, चालवून, "रिले" असं एकच नाव त्या त्या शाखेच्या डब्याकडे वळवा. वणीत ते नाव वणीच्या डब्यावर जाते, दिग्रसला दिग्रसच्या. मग शंभरही मशीनची सेटिंग एकसारखी राहते, आणि पुसदचा लॅपटॉप उमरखेडला नेला तरी तो आपोआप तिथल्या रिलेकडून घेते.

पहिला साठा मात्र लाईनवरून पाठवू नका. सुरुवातीचा सगळा माल ४० जीबी असला आणि १ एमबीपीएसने ओढला तर साडेतीन दिवसांहून जास्त, तेही अखंड लाईट असली तर. डबे हेड ऑफिसातच भरून घ्या आणि मग शाखेत पाठवा.

सही, आणि चावी कुठे ठेवायची

डबा शाखेत टेबलाखाली पडून राहणार, कोणीही पेनड्राइव्ह लावू शकते, दुरुस्तीवाला उघडू शकते. म्हणून डब्यावर विश्वास ठेवायचाच नाही, फाईलवरच्या डिजिटल सहीवर ठेवायचा. डेबियनचे पॅकेज कितीतरी वर्षांपासून साध्या एचटीटीपीवरून जगभरच्या मिररवर, म्हणजे नकला ठेवणाऱ्या सर्व्हरवर, वाटल्या जातात, कारण यादीवर सही राहते आणि यादीत हॅश राहतात, मधल्या मिररने काही बदललं तर ते पकडल्या जाते. तेच आपण करायचं.

यादीवर मिनीसाइन किंवा जीपीजी यातल्या एका साधनाने सही करा. सही करायची खाजगी चावी फक्त हेड ऑफिसच्या एका मशीनवर, खरं तर दोन पेनड्राइव्हवर, लॉकरमध्ये. व्हीपीएसवर नाही, रिलेवर तर नाहीच नाही. मशीनवर फक्त सार्वजनिक चावी. मशीन आधी यादीची सही तपासेल, मग फाईल उतरवेल, मग हॅश जुळवेल, आणि तिन्ही जुळले तरच इन्स्टॉल. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये हॅश काढायची सोय आहेच आणि ती डिफॉल्टने एसएचए-२५६च काढते.

यादीत एक चढता नंबरही टाका, आणि मशीनला सांगा की आधी पाहिलेल्या नंबरपेक्षा लहान नंबरची यादी घ्यायची नाही. नाही तर कोणी जुनी, खरी सही असलेली यादी परत ठेवून तुम्हाला जुन्या, भोकं असलेल्या व्हर्जनवर नेऊ शकते. तुम्हालाच मागे जायचं असेल तेव्हा जुनं व्हर्जन नव्या नंबरच्या यादीत टाका.

शाखेतली मशीन

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावा, रँडम डिलेसकट, आणि वेळ चुकली तर नंतर लगेच चालवायचा पर्यायही टिक करा. स्क्रिप्ट आधी "रिले"कडे जाईल. रिले मिळाला नाही तर काय, हे नीट ठरवा. बहुतेक जण लिहितात की मिळाला नाही तर सरळ वरून घ्या, आणि मग ज्या दिवशी डबा बंद पडते त्या दिवशी पाचही मशीन शाखेच्या लाईनवर एकदम तुटून पडतात, तेही पूर्ण स्पीडने. माझ्या मते रिले नसला तर मशीननी दोन दिवस थांबावं. दोन दिवसांनंतरही नसला तर वरून घ्यावं, पण स्पीड बांधून. सिक्युरिटीचं तातडीचं काही असेल तर यादीतच "तातडीचं" अशी खूण ठेवा, तेवढ्यालाच थांबायची गरज नाही.

विंडोजचे स्वतःचे अपडेट या पाइपातून नेऊ नका. त्यासाठी विंडोज १० आणि ११ मध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आधीच आहे, एका मशीनने ओढलेलं दुसरीला देते, फुकट. पोर्ट ७६८० टीसीपी, तो मशीनच्या फायरवॉलमध्ये मोकळा पाहिजे. प्रो व्हर्जनवर पॉलिसीतून डाउनलोड मोड २, म्हणजे ग्रुप, लावा आणि प्रत्येक शाखेला वेगळा ग्रुप आयडी द्या. सगळ्या संस्थेला एकच आयडी दिला तर व्हीपीएनवरून वणीची मशीन उमरखेडच्या मशीनला अपडेट देत बसेल. डिफॉल्टने ४ जीबीपेक्षा कमी रॅमची मशीन यात भाग घेत नाही, आणि वायफायवर क्लायंट आयसोलेशन चालू असेल तर मशीन एकमेकींना दिसतच नाहीत, तेव्हा काम होत नसेल तर आधी हे दोन पाहा. सेटिंगमध्ये अॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडलं की किती एमबी लोकल नेटवर्कवरून आले ते दिसते. डब्ल्यूएसयूएस, म्हणजे विंडोजचे अपडेट वाटायचा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर, अजून चालते, पण मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्येच सांगितलं की त्यात आता नवीन काही येणार नाही, त्यामुळे आज नव्याने उभा करायला मी सांगणार नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तर ज्या शाखांत अजून तेच आहे त्यांची यादी वेगळी काढून ठेवा.

संस्थेने बिगफिक्ससारखं मशीन सांभाळायचं विकतचं साधन घेतलं असेल तर रिले त्याच्यात आयताच मिळते, पोर्ट ५२३११. त्याचा क्लायंट जवळचा रिले आपोआप शोधू शकते, आयसीएमपीने, म्हणजे पिंगसारख्या संदेशांनी, हॉप मोजून. पण वर सांगितलं तसं हबवाल्या व्हीपीएनमध्ये सगळ्या दुसऱ्या शाखा सारख्याच अंतरावर दिसतात, आणि आपला रिले बंद असला की क्लायंट भलत्याच शाखेचा धरते. राउटरने आयसीएमपी अडवला असेल तर मोजणीच होत नाही. अशा जागी आपोआप निवड बंद करून पहिला आणि दुसरा रिले हाताने नेमून द्या. दुसरा म्हणजे शेजारची शाखा नाही, व्हीपीएस.

कधी सोडायचं आणि कोणाला आधी

सगळ्या शाखांना एकाच दिवशी नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीची एक फाईल जगभर एकदम गेली, आपल्या घड्याळात सकाळी ९:३९ ला, आणि १०:५७ ला त्यांनी ती मागे घेतली. तेवढ्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या. मागे घेऊनही पडलेल्या मशीन आपोआप उठल्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी माणसाला हाताने जाऊन फाईल काढावी लागली. आता विचार करा झरी-जामणीच्या शाखेत कोण जाईल आणि किती वाजता पोचेल. आपला रिले जितका चांगला चालेल तितकं चुकीचं अपडेटही चांगलंच पोचेल, म्हणून टप्पे बांधणं हा रिलेचाच भाग समजा.

पहिला टप्पा हेड ऑफिसच्या दोन मशीन. दुसरा एक शाखा, अशी की जिथे पोचायला सोपं आहे आणि जिथला कॅशियर चूक दिसली की लगेच फोन करते, कळंब म्हणा नाही तर बाभूळगाव, यवतमाळपासून जवळ. तिसरा टप्पा पाच शाखा, त्यात एक फोर-जीवाली आणि एक जुन्या मशीनवाली मुद्दाम घ्या. मग बाकी. प्रत्येक टप्प्यानंतर एक पूर्ण कामाचा दिवस जाऊ द्या, सकाळी उघडण्यापासून संध्याकाळी दिवसअखेर होईपर्यंत. अर्ध्या दिवसात पासबुक छापल्या जाते, पण दिवसअखेरचा रिपोर्ट निघते की नाही ते संध्याकाळीच कळते. फाईली मात्र सगळ्या रिलेवर आधीच पोचवून ठेवा, टप्पा फक्त यादीने पाळायचा, ज्यांची पाळी आली त्यांच्यापर्यंतच नवी यादी जाऊ द्यायची.

संध्याकाळी साडेपाचनंतर इन्स्टॉल नाही, कारण तेव्हा पिग्मी एजंट येतात. दिवसभर बाजारात दुकानादुकानातून गोळा केलेली रक्कम त्यांच्या हातातल्या मशीनमधून काउंटरच्या मशीनवर उतरवायची राहते, त्यांना घरी जायचं राहते, आणि मशीन रीस्टार्ट मागून राहिली तर तो माणूस तिथे पैसे घेऊन उभा. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काहीच सोडायचं नाही. कापसाचे पैसे हातात येतात ते दिवाळीनंतरचे आठवडेही सांभाळून.

चालते की नाही ते पाहणं

बसवल्यावर परीक्षा घ्या. सिंक अर्ध्यावर असताना डब्याची पिन ओढा, पुन्हा लावा, काही न करता राहिलेलं पूर्ण होते का पाहा. यादीतला एक हॅश मुद्दाम बिघडवून एका मशीनवर पाहा, तिने नाकारलं पाहिजे. मग व्हीपीएसचा लॉग उघडा. तिथे मोठ्या फाईलींसमोर फक्त डब्यांचे आयपी दिसले पाहिजेत, एक-दोन मशीनवाल्या शाखा सोडून. एखाद्या शाखेतून चार-पाच वेगळे आयपी दिसून राहिले तर तिथला रिले नावालाच आहे, मशीन त्याला ओलांडून जात आहेत, बहुतेक वेळा कोणीतरी मशीनमध्ये डीएनएस हाताने टाकलेला राहते.

रोजच्या नजरेसाठी फार मोठं काही नको. प्रत्येक रिलेने तासाला एक ओळ व्हीपीएसवर टाकावी: शाखेचं नाव, यादीचा नंबर, शेवटचं सिंक, रिकामी डिस्क, डबा किती वेळ चालू आहे, आणि घड्याळ. घड्याळ हवंच, सेल मेल्याचं तिथूनच कळते. "किती वेळ चालू" या आकड्यावरून कोणत्या शाखेत मेन स्विच पडून राहिला तेही दिसते. डिस्कसाठी शेवटची तीन व्हर्जन ठेवून बाकी आपोआप काढा.

डब्यावर मोठ्या मराठी अक्षरात कागद चिकटवा: हा बंद करू नका, बंद झाला तर या नंबरवर सांगा, आणि खाली नंबर. शाखेतल्या एका माणसाला, शक्यतो शिपायालाच, हिरवा दिवा कोणता आणि तो नसला तर काय करायचं ते उभं राहून दाखवा. शाखेत सकाळी सगळ्यात आधी तोच येते आणि सगळ्यात शेवटी तोच जाते.

एक डबा हेड ऑफिसात भरलेला, चालू, सिंक होत असलेला तयार ठेवा. त्याच्यात शाखेचं नाव आणि वायरगार्डची चावी तेवढी टाकायची बाकी ठेवा. एखाद्या शाखेचा डबा गेला तर तिथे बसून दुरुस्त करत बसायचं नाही, व्हीपीएसवरून जुन्या डब्याची चावी आधी रद्द करायची, तयार डब्यात नवी चावी टाकून तो पाठवायचा, शाखेत फक्त लाईटची पिन आणि नेटची केबल लावायची, आणि मेलेला डबा आला की त्याची एसएसडी पुसूनच पुढे वापरायची.